रामाण्णांची नळी

वडगावातल्या एका लग्नाच्या पंगतीत वाढपी पाणी घेऊन आला, तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी ग्लासावर पालथा पंजा ठेवला. मग खांद्यावरून छातीवर लोंबणारी एक निळी नळी तोंडात धरली, गाल आत ओढले, डोळे मिटले आणि चांगलं अर्धं मिनिट ते पाणी ओढत राहिले. डोक्याला फेटा, अंगात कडक इस्त्रीचा सदरा, कपाळाला गंध आणि पाठीवर काळी पिशवी. समोरच्या रांगेतल्या एका म्हातारीचा घास हातातच राहिला. तिने मान पुढे काढून मला विचारलं, "काय वो मास्तर, सलाईन तोंडातनं बी द्यायला लागल्यात काय आता?"

"न्हाय आज्जी, ते ठणठणीत हाईत. पिशवीत पाणी हाय."

"मग ह्यो वाढालाय ते काय हाय?"

याचं उत्तर गृहस्थांकडे होतं. त्यांनी नळी बाजूला केली आणि शांतपणे सांगितलं, "ते बी पाणीच हाय, आज्जी. पर ते कुठनं आलंय ते मला ठावं न्हाय." आणि त्यांनी जिलबीला हात घातला.

हे आमचे रामाण्णा. मुक्काम शहापूर, वय सदुसष्ट. त्यांच्याबरोबर लग्नाला जायचं म्हणजे नवरा-नवरीपेक्षा आपल्याकडेच लोक जास्त बघतात, ही तयारी ठेवावी लागते. मी ती ठेवतो, कारण एरवी माझ्याकडे कुणी बघत नाही. मी हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवतो.

रामाण्णांनी चाळीस वर्षं साड्या विणल्या. आधी वडिलांच्या हातमागावर, मग स्वतःच्या चार यंत्रमागांवर. धंदा बसला तसे तीन माग भंगारात गेले. चौथाही जायचा होता, पण तो बोळातून बाहेर काढायचा तर घराचं दार मोडावं लागणार होतं. रामाण्णा म्हणाले, "दार बी ऱ्हाऊ द्या, माग बी ऱ्हाऊ द्या." त्यामुळे त्यांच्या पुढच्या खोलीत पाहुण्याला बसायला जागा नाही, माग मात्र ऐसपैस आहे.

माग थांबले, रामाण्णा थांबले नाहीत. चहा उभ्याने पितात, टीव्ही दारातून बघतात, कुणाच्या मयताला गेले तर तिथेही अंगणातून येरझाऱ्या घालतात. बससाठी उभं राहणं त्यांना जमत नाही. ते पुढच्या थांब्याकडे चालू लागतात, मधल्या मध्ये बस मागून येऊन निघून जाते, आणि वर मलाच सांगतात, "बघा मास्तर, चालत निगालो असतो तर आदीच पोचलो असतो."

आमची ओळखही अशीच चालत्या पायाने झाली. मी आणि पिरनवाडीत औषधाचं दुकान असलेला माझा मित्र सुरेश दर रविवारी डोंगर चढायला जातो. मी मूळचा कडोलीचा, शेतकऱ्याचा मुलगा, पण शेती भावाने सांभाळली आणि माझ्या वाट्याला पोट आलं. ते कमी करायला हा उद्योग. एका रविवारी येळ्ळूरच्या राजहंसगडावर हा माणूस आम्हाला वर जाताना ओलांडून गेला. थोड्या वेळाने उतरताना भेटला. आम्ही अजून निम्म्यातच होतो, तेवढ्यात तो पुन्हा वर निघाला आणि आमच्याकडे बघून कळवळून म्हणाला, "तुमी अजून हितंच?" त्या दिवसापासून ते आमच्याबरोबर आहेत, म्हणजे आमच्या पुढे आहेत.

पिशवी त्यांच्या मुलाची. मुलगा बंगळुरात नोकरीला. लग्नाआधी तो डोंगर हिंडायचा, लग्नानंतर सामान शहापुरात आणून टाकलं. पिशवीत दोन लिटर पाणी मावतं, तिच्या बुडातून नळी निघते, खांद्यावरून पुढे येते, टोकाला चावून ओढायचं रबरी बूच असतं आणि नळीच्या मध्यावर बोटभर लांबीचा फिल्टर. वाटेत ओढा लागला की पिशवी भरायची आणि चालता चालता ओढत राहायचं. गाळ आणि जंतू फिल्टरात अडकतात, तोंडात येतं ते स्वच्छ पाणी. थांबायला नको, पाठीवरचं ओझं उतरवायला नको. जणू कुणीतरी रामाण्णांना डोळ्यांसमोर ठेवूनच ही वस्तू केली होती.

पहिल्याच रविवारी सुरेशने त्यांना फिल्टरची माहिती दिली. औषधाच्या दुकानामुळे सुरेशला सगळंच माहीत असतं. तो म्हणाला, "अण्णा, ह्यात आत केसासारखे बारीक धागे असत्यात. आन् प्रत्येक धागा आतनं पोकळ. पाणी बाहेरनं आत झिरपतंय, घाण बाहेरच ऱ्हाती."

"पोकळ सूत?" रामाण्णा म्हणाले आणि नंतर तासभर बोललेच नाहीत. आम्हाला वाटलं, दम लागला असेल.

पुढच्या रविवारी त्यांनी रुमालाची पुरचुंडी सोडली. आत फिल्टरचे दोन तुकडे. करवतीने बरोब्बर मधोमध कापलेला. आत पांढऱ्याशुभ्र शेवयांची जुडी दिसत होती. रामाण्णांनी त्यातली एक शेवई चिमटीत धरली, उन्हाकडे केली आणि मला म्हणाले, "मास्तर, आवंदा चाळीस वर्सं झाली मी सूत हाताळतोय. शंभर नंबरचं बारीक सूत ह्या बोटातनं गेलंय. पर आतनं मोकळं सूत? कुणी काढलं असंल वो हे? तेला जाऊन नमस्कार करावा वाटतोय."

सुरेश म्हणाला, "ते खरं अण्णा, पर आता पाणी कशानं गाळणार?"

रामाण्णांनी दोन्ही तुकड्यांकडे बघितलं. "ते मातर न्हाय बघा सुचलं."

मुलाने बंगळुराहून दुसरा फिल्टर पाठवला. हा जरा जाड आणि जास्त भारी होता. सोबत निरोप होता की बाबांच्या हाताला करवत लागू देऊ नका.

मग सुरू झाली रामाण्णांची शिस्त. फिल्टरवर एक बाण असतो, पाणी कुठून कुठे जायचं तो दाखवणारा. तो उलटा बसला तर पाणी नीट येत नाही. एकदा सुरेशने हौसेने स्वतःसाठी तसलीच पिशवी घेतली आणि बाण उलटा लावला. खानापूरच्या पुढच्या चढावर तो नळी ओढून ओढून जांभळा पडला, तेव्हा रामाण्णांनी निदान केलं. "बाण बघा आदी." तेव्हापासून हे त्यांचं पालुपदच झालं. कुणी प्लॉट घेतला, कुणाची मुलगी दिली, कुणी पक्ष बदलला, रामाण्णांचा एकच प्रश्न. "बाण बघितलासा न्हवं?"

दुसरी शिस्त फुंकरीची. फिल्टर पूर्ण भिजवायचा आणि एका टोकाने फुंकायचं. भिजल्या धाग्यातून हवा सहजी पार होत नाही. झाली तर समजायचं, आत कुठेतरी धागा तुटलाय आणि आता त्या वाटेने जंतूही पार होणार. निघायच्या आधी रामाण्णा नळीचं दुसरं टोक कानाला लावून दहा मिनिटं हे करत बसतात. बसत कसले, फेऱ्या मारत करतात. "तुटका धागा डोळ्याला दिसत न्हाय, मास्तर. तो कानानं वळखायचा. मागावर बी तसंच हुतं." आणि ओढ्यात बुचकळलेला हात नळीच्या बुचाला लावलात तर मेलात. एका रविवारी त्यांनी सुरेशला तीनदा हात धुवायला लावले. चौथ्यांदा मी माझेही धुतले, न सांगता.

बसमध्ये कंडक्टर पिशवी वर ठेवायला सांगतो, तेव्हा हे कन्नडात त्याला ऐकवतात, "इदु लगेज अल्ल, नीरु." सामान नव्हे, पाणी आहे. कंडक्टर नळीकडे बघतो, आमच्याकडे बघतो आणि पुढे जातो. आमच्याकडे बघतो ते मला आवडत नाही.

हे सगळं एकवेळ चाललं असतं. पण रामाण्णांकडे दुसरीही एक पिशवी होती. लाल.

निळ्या नळीची काळी पिशवी पिण्यासाठी. लाल पिशवी ते रिकामी न्यायचे आणि भरून आणायचे. वाटेवरच्या ओढ्याचं पाणी तिला चालायचं नाही, झराच लागायचा. गुरं राखणाऱ्यांना, मधाचं पोळं उतरवायला आलेल्यांना, दिसेल त्याला विचारायचे, "झरा हाय काय वो हितं कुठं? जुना?" मग त्या दिशेने काट्याकुट्यांतून सुटायचे. झरा सापडला की लाल पिशवी भरायची, तोंड घट्ट बांधायचं आणि पाठीवर घ्यायची. तिच्यातला थेंब कुणाला द्यायचे नाहीत. एका मे महिन्यात सुरेशची जीभ टाळ्याला चिकटली तरी दिला नाही. स्वतःची निळी नळी त्याच्या तोंडात कोंबली, पण लाल पिशवीवर हात ठेवून म्हणाले, "हे न्हाय. हे घरचं हाय."

आम्ही तर्क केले. सुरेशचं म्हणणं, केस उगवायचा उपाय असणार. माझं म्हणणं, घरी मासे पाळले असणार. विचारलं की रामाण्णा पुढे निघून जायचे. यंदा तर त्यांनी आमचा जीव खाल्ला. पहाटेची बस धरायला लावायचे, एक झरा झाला की "त्या टेकाडामागं अजून एक हाय म्हणं" करत संध्याकाळ करायचे. मी चिडायचो. गुडघेदुखी असलेल्या माझ्यासारख्या माणसाला रविवारी दोन टेकाडं पुरतात. त्यांना पाचही पुरत नव्हती. कशाची घाई आहे, ते कळत नव्हतं.

या फेब्रुवारीत आम्ही जांबोटीच्या पुढच्या रानात होतो. जीपगाडीच्या मातीच्या रस्त्यापासून थोडं खाली, दोन जुन्या जांभळींच्या मुळांतून एक झरा निघत होता. पाण्यावर पाला साचलेला. रामाण्णा लाल पिशवी भरण्यात गुंतले होते आणि मला तहान लागली होती. मी सरळ ओंजळ धरली. पाणी आधी जिभेला तुरट लागलं, आवळा खाल्ल्यासारखं, आणि गिळल्यावर मागून गोड होत गेलं.

"मास्तर!" रामाण्णा ओरडले. "शाळा शिकवतासा आन् असलं पाणी पितासा?" त्यांनी त्याच झऱ्याचं पाणी काळ्या पिशवीत भरलं आणि निळी नळी माझ्या हातात दिली. मी ओढलं.

"अण्णा, ह्याला तर कसलीच चव न्हाय."

"सोच्छ हाय म्हणून." ते खूश होऊन म्हणाले. मी खांदे उडवले. हे डोक्यात तेव्हाच यायला हवं होतं. तीस वर्षं मी हेच शिकवतो.

परतताना रामाण्णांचा पाय एका दगडावरून घसरला आणि घोटा मुरगळला. बसस्टँडवरून मी त्यांना माझ्या स्कूटरवरून शहापुरात घरी सोडलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरात पहिल्यांदाच गेलो, कारण ते कुणाला घरी बोलवायला एका जागी उभे राहतच नाहीत.

आक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारातच होत्या. गुडघ्यांनी अगदी बेजार झालेल्या, भिंत धरून चालणाऱ्या. नवऱ्याचा सुजलेला पाय त्यांनी बघितला, पण आधी म्हणाल्या, "आणलासा?"

"आणलंय."

मग जे झालं ते मी मागाच्या कडेला उभा राहून बघितलं. रामाण्णांनी लंगडत जाऊन लाल पिशवी मागाच्या वरच्या दांड्याला टांगली. निळी नळी काढून तिला जोडली, बाण बघितला, नळीचं तोंड तांब्याच्या फुलपात्रात सोडलं. वरून खाली पाणी आपसूक उतरू लागलं, बारीक धारेने. आक्कांनी चूळ भरली, पदराने तोंड पुसलं आणि पाटावर बसल्या. एक घोट घेतला. तोंडात धरला. गिळला. रामाण्णा त्यांच्या तोंडाकडे बघत दुखऱ्या पायावर उभे होते, पापणी लवत नव्हती.

आक्कांनी मान हलवली. "न्हाय. हे न्हवं."

"बरं," रामाण्णा म्हणाले आणि उरलेलं पाणी तुळशीला घातलं.

बाहेरच्या कट्ट्यावर आल्यावर मी विचारलं आणि त्या दिवशी, पाय जायबंदी म्हणून असेल, ते सांगत राहिले. आक्कांचं माहेर जांबोटीकडच्या त्याच रानात होतं. उंबरवाडी, सात-आठ घरांची. आक्का दहा वर्षांच्या असताना वाडी उठली, माणसं पोटापाण्याला चार गावांत पांगली. घरं मोडली, वाट रानाने झाकली. आता दाखवणारं कुणी उरलेलं नाही. आक्कांना आठवतो तो फक्त वाडीचा झरा, आणि त्याच्या पाण्याची चव.

"लगीन होऊन आली तवापास्नं म्हणायची, एकदा झऱ्याकडं जाऊन येऊया. मी म्हणायचो, ही साडी उतरू दे मागावरनं. ती उतरायच्या आदी दुसरीचा ताणा तयार असायचा, मास्तर. ती शेजारी बसून सुताच्या कांड्या भरायची आन् इचारायची. दर उन्हाळ्याला. चाळीस उन्हाळे. मग तिचे गुडघे गेले आन् तिनं इचारायचं सोडलं." ते कट्ट्यावरून उठले, लंगडत दोन पावलं गेले, परत आले. "तिनं इचारायचं सोडलं, त्या दिवसापास्नं मला बसवंना झालंय."

"पण गाडीनं न्यायचं की त्यांना रानात. एवढं पाणी कशाला वाहताय?"

"कुठं न्यायचं? जागा नक्की नको? अर्धी विणलेली साडी गिऱ्हाईकाला दावत न्हाईत, मास्तर. आदी झरा घावला पायजे. तिनं व्हय म्हणायचं, मग न्यायचं."

"आणि हा फिल्टर?"

"मागं तिला कावीळ झालती. डॉक्टरनं सांगितलंय, पाणी उकळून न्हाय तर गाळून. उकळलं की चव मरती. म्हणून तर ह्यो." आणि त्यांनी खिडकीतून आत, मागावर लटकणाऱ्या नळीकडे मोठ्या मायेने बघितलं.

मीही बघितलं. निघताना आत जाऊन जवळून बघितलं. जाड, भारी, बंगळुराहून आलेला तो फिल्टर. त्याच्या अंगावर बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की आत धाग्यांबरोबर कोळशाचा थरही आहे.

कोळसा पाण्यातला रंग, वास आणि चव ओढून घेतो. पाल्याचा, मुळांचा तुरटपणा तर पहिल्यांदा. हे आठवीच्या पोरांना मी दर वर्षी सांगतो, परीक्षेत विचारतो, आणि चुकलं तर गुण कापतो. सकाळची ती ओंजळ माझ्या जिभेवर अजून होती. दोन वर्षं हा माणूस डोंगराडोंगरांतून झरे उपसून आणत होता आणि घरात आणून त्यांची चव पुसून बायकोला देत होता. उकळत नव्हता, चव मरेल म्हणून! आणि चव जशीच्या तशी ठेवणारा साधा, नुसत्या धाग्यांचा फिल्टर त्याच्याकडे होता. तो त्याने सूत बघायला करवतीने कापला होता. विणकराशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती.

मी न सांगताच घरी आलो. सोमवार गेला, मंगळवार गेला. वर्गात शिकवताना खिडकीकडे जायचो, फळ्याकडे यायचो. माझी बायको म्हणाली, "तुम्हाला रामाण्णांची लागण झाली काय? बसा की एका जागी." पण बसणार कसा? सांगितलं तर दोन वर्षांचे रविवार पाण्यात जाणार, आणि मुरगळल्या पायाने ते पुन्हा पहिल्या झऱ्यापासून सुरू करणार. न सांगितलं तर आक्का मान हलवत राहणार आणि ते दोघेही थकत जाणार. मी स्वतःवर चिडलो, फिल्टर करणाऱ्यावर चिडलो, कोळशावरसुद्धा चिडलो.

शेवटी बुधवारी शाळेत रजा टाकली आणि सकाळीच शहापूर गाठलं. बरोबर एक बाटली होती. रात्रभर जांभळीचा पाला भिजवलेलं पाणी. मी मास्तर माणूस. सांगण्यापेक्षा प्रयोग करून दाखवणं मला सोपं जातं.

रामाण्णा पायाला पट्टी बांधून मागाला टेकून एका पायावर उभे होते. मी त्यांना बाटलीतलं पाणी चाखायला दिलं. "तुरट हाय," ते म्हणाले. मग तेच पाणी लाल पिशवीत ओतलं, नळीतून फुलपात्रात उतरवलं आणि पुढे केलं. त्यांनी घोट घेतला. थांबले. दुसरा घेतला. मग बाटलीतलं परत चाखलं, फुलपात्रातलं परत चाखलं. मी कोळशाचं सांगितलं. ती बारीक अक्षरं वाचून दाखवली.

"म्हंजे दोन वर्सं मी हिला कोळसा पाजला," रामाण्णा म्हणाले.

"तसं नाही अण्णा..."

"तसंच हाय. झरा कदाचित घावला बी असंल. मी हातानं आणला असंल, आन् हिनं न्हवं म्हटलं असंल." ते मागाच्या फळीवर बसले. पाय दुखत होता म्हणून नव्हे. "धागा तुटलाय काय तेवढंच मी बघत बसलो, मास्तर. मला दुसरं काय कळतंय?"

एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आक्का म्हणाल्या, "मला पहिल्या म्हयन्यातच कळलंतं."

आम्ही दोघांनी वळून बघितलं. त्या भिंतीला धरून उभ्या होत्या, हाताला कणीक लागलेली.

"सगळ्या डोंगरांचं पाणी एकाच चवीचं कसं असंल? मी रानातली हाय न्हवं."

"मग बोललीस का न्हाईस?" रामाण्णांचा आवाज चढला. "दोन वर्सं हिंडालोय मी येड्यासारखा!"

"बोलले असते तर तुमी फिल्टर बदलला असता, झरा घावला असता, आन् मग?" आक्का म्हणाल्या. "मग हे संपलं असतं. चाळीस वर्सं म्हणत हुते तवा न्हेलं न्हाईसा. आता दर रविवारी उठून माज्या माहेराच्या वाटंला लागतासा. सांजंला येऊन, मी एक घोट गिळूस्तवर माज्या तोंडाकडं बघत उभं ऱ्हातासा. एवढं कवा बघितलंतासा माज्याकडं? पाण्याचं काय. पाणी कसलं का असंना."

त्या हे रागाने बोलल्या नाहीत. रोजच्या आवाजात बोलल्या, आणि बोलून झाल्यावर हाताची कणीक खरवडत राहिल्या. मी माझ्या बाटलीचं झाकण उगीचच घट्ट करत होतो. त्या खोलीत आपण असू नये असं मला वाटत होतं आणि तिथून हलवतही नव्हतं.

रामाण्णा फळीवरून उठले. मग त्यांनी मला विचारलं, "मास्तर, जांबोटीच्या म्होरं जीप कुठवर जाती?"

"मातीचा रस्ता आहे तिथवर जाते की."

"रविवारच्या त्या जांभळी रस्त्यापास्नं किती लांब ऱ्हात्यात?"

"पंधरा-वीस पावलं. जरा उतार आहे."

"सुरेशला फोन लावा. तेच्या मेव्हण्याची जीप हाय. दोघांनी दोन बाजूनं धरलं तर उतरंल ती."

"कोण उतरणार हाय?" आक्कांनी विचारलं.

"तू."

"कवा?"

"आत्ता."

"आज बुधवार हाय की!"

"असू दे बुधवार."

"आन् तुमचा पाय?"

"जीपला हाईत की चार चाकं."

आक्का माझ्याकडे बघायला लागल्या, जणू हे मीच शिकवून ठेवलं होतं. मी फोन कानाला लावून दुसरीकडे बघितलं. त्यांनी कणकेचा हात पदराला पुसला, जे त्या एरवी कधी करत नसाव्यात, आणि हळू आवाजात विचारलं, "पर झरा त्योच हाय काय? जागा नक्की हाय?"

"न्हाय," रामाण्णा म्हणाले. "नक्की काय बी न्हाय. चल."

आक्का भिंत धरून आतल्या खोलीत गेल्या, आणि थोड्या वेळाने साड्यांच्या ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला.